सुपरहिरोचा सिनेमा अडकलाय: कथा माझी, फुटेज शेठचं, आणि केळीची बाग कापून झाली

फोटोवाला_सावदा

राम राम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण मधलं गाळलं तर सल्ला भलताच मिळेल म्हणून सगळंच लिहितो.

माझा सावद्यात फोटो स्टुडिओ आहे. लग्न, हळद, बारसं, शाळेचं गॅदरिंग, येईल ते घेतो. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते आणि आषाढ लागला की लेन्स पुसत बसायचं. त्या रिकामपणात एक कथा लिहिली. नाव 'वाराबंद'. रावेर तालुक्यातला, केळी कटिंगच्या टोळीत घड वाहणारा पोरगा. त्याने श्वास रोखला की त्याच्याभोवतीचा वारा थांबतो, हाक ऐकू जाईल तेवढ्या अंतरापर्यंत. श्वास सुटला की वारा पुन्हा सुरू. बस, एवढीच शक्ती. उडता येत नाही, भिंत फोडता येत नाही, मारामारीत तर मारच खातो. मे महिन्यात आभाळ काळं होऊन चढायला लागलं की आपल्याकडे जो तो दारात येऊन बागेच्या दिशेने बघत उभा राहतो. ते ज्याने पाहिलंय त्याला हा हिरो कशाला हवा ते समजावायला लागत नाही. वर्षभर पोसलेली बाग पाच मिनिटांत झोपते, आणि ह्या पोराच्या हातात काय, तर एका दमाचा वेळ.

जळगावचा एक शेठ भेटला. धंदा सांगत नाही, लगेच ओळख पटेल. कथा ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खोटं नव्हतं, त्याच्या वडिलांची बाग अशीच गेलेली. मार्च २०२३ मध्ये शंभराच्या स्टॅम्पवर लिहून झालं. करार कसला, चार ओळी: 'वाराबंद' ह्या चित्रपटाची कथा व पटकथा मी निर्मात्यास देत आहे, मोबदला एक्कावन्न हजार, पैकी एकवीस हजार रोख मिळाले. खाली सह्या, दोन साक्षीदार. मुदत नाही, अटी नाहीत. दिग्दर्शन मी करायचं हे तोंडी. उरलेले तीस हजार अजून शेठकडेच मुक्कामाला आहेत.

मे २०२३ मध्ये पहिलं शेड्यूल लावलं. हिरो यावलचा, खराखुरा कटिंगच्या टोळीतला पोरगा. घड खांद्यावर घेताना गोणपाटाची घडी कुठे ठेवायची, कापणाऱ्याने दांड्यावर विळा मारला की गुडघा किती वाकवायचा, हे त्याला शिकवावं लागलं नाही. पारा ४५ च्या आसपास. कॅमेरा तापून दर थोड्या वेळाने बंद पडायचा, मग छत्रीखाली धरून बसायचं. तरी त्या शेड्यूलमध्ये जे मिळालंय ते आजही बघितलं की वाटतं, हाच सिनेमा.

भांडण सुरू झालं ते शर्टावरून. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग पडतो आणि तो कशानेही निघत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. माझ्या हिरोचा पोशाख म्हणजे तसाच डागाडागांचा शर्ट. तो शर्ट दिसला की गावाने ओळखायचं. शेठ म्हणाले, सुपरहिरो मळक्या शर्टात? लोक काय म्हणतील! केप पाहिजे. आणि केळीचा सिनेमा म्हणजे केप हिरवी पाहिजे. शिवली. मग त्यांच्या ओळखीच्या एका स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर टीझर शूट केला. मी बोललो होतो, पण माझं ऐकतो कोण. एडिटिंगला बसल्यावर पडदा काढला तसा केपही गेला आणि हिरोच्या खांद्यामागून आभाळ दिसायला लागलं. मान, दोन हात, मध्ये ढग.

त्यानंतर शेठना वाटलं, हिरो उडत नाही म्हणून गोष्ट जमत नाहीये. हायड्रा क्रेन मागवली. पट्टा बांधून पोराला वर घेतलं तर तो जागच्या जागी गरागरा फिरायला लागला आणि खाली उतरवल्यावर बांधावर जाऊन ओकला. त्या दिवसाचं सगळं बिल कथेवर फाडलं गेलं, म्हणजे 'तुझी कथाच अवघड आहे' असं. मग पटकथा बदलायची टूम निघाली. एकदा हिरो पुण्याचा इंजिनियर झाला. एकदा विदेशी कंपनीचा व्हिलन आला, तो वादळं तयार करतो म्हणे. एकदा शेठच्या भाच्यासाठी दुसरा सुपरहिरो घुसला, त्याची शक्ती काय हे भाच्याने ठरवायचं होतं, ते त्याने अजून ठरवलेलं नाही. गेल्या गुढीपाडव्याला तर चौकात फ्लेक्स लागला: वर 'वाराबंद लवकरच', मधोमध शेठचा हात जोडलेला फोटो, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांच्या रांगेत, आमचा हिरो.

आजची परिस्थिती अशी. हिरो सुरतेला साडीच्या मार्केटात कामाला लागलाय, अंगाने भरलाय, दाढी ठेवली आहे. ज्या बागेत शूट केलं ती केव्हाच कापली, त्या वावरात आता कपाशी उभी आहे. मी विषय काढला की शेठ म्हणतात, थांब, मोठं करू. दुसरीकडे कथा देतो म्हटलं तर म्हणतात, स्टॅम्प माझ्याकडे आहे.

तर मला विचारायचंय ते असं. कथा अजून माझी आहे की नाही? असेल तर जुनं फुटेज वापरता येईल का? आणि पहिल्यापासून सुरुवात करायची तर वादळ आणि थांबलेला वारा माझ्यासारख्या लग्नाच्या कॅमेरावाल्याने दाखवायचा कसा? 'सोडून दे' हा सल्ला घरून रोज फुकट मिळतो, तो सोडून बाकी काहीही सांगा.

स्पष्ट_बोलतो_भुसावळ

सोडून दे म्हणणार नाही, पण सिनेमा सोडा. खान्देशी कॉमेडीची पोरं मोबाइलवर दहा मिनिटांचे व्हिडिओ टाकतात, लाखोंनी लोक बघतात, दर महिन्याला पैसे येतात. सुपरहिरोचा सिनेमा थेटरात कोण बघणार? आणि कुठल्या थेटरात? आपल्याकडची अर्धी थेटरं मंगल कार्यालयं झाली. तुमचा हिरो श्वास रोखतो तसं तुम्ही तीन वर्षं रोखून बसलात. सोडा तो, आणि छोटं काहीतरी करा.

फोटोवाला_सावदा

भाऊ, कॉमेडीला नावं ठेवत नाही. दोन चॅनलवाल्यांचं शूट मीच करून देतो. पण त्या पोरांच्या गोष्टीत बायको नवऱ्याला लाटण्याने मारते आणि हशा पिकतो. माझ्या गोष्टीत बाप बांधावर बसलाय आणि पोरगा श्वास रोखून उभा आहे. ते दहा मिनिटांत उरकलं तर रीलच होईल.

कांदेबाग_चोपडा

दादा, सिनेमातलं कळत नाही, केळीतलं कळतं. तेवढ्यापुरतं बोलतो.

आधी बागेचं. मे महिन्यात तुम्हाला घड लटकलेले पाहिजेत ना? मग तुमची पहिली बाग नक्की आदल्या वर्षीच्या मृगातली असणार. कांदेबाग ऑक्टोबरच्या आसपास लागते, ती मे मध्ये निसवणीच्या, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या, आगेमागे असते. उंची, पानाचा पसारा, सगळंच वेगळं दिसेल आणि आपल्याकडचं पोरगंही पडद्यावर बोट ठेवून सांगेल की ही ती बाग नव्हे. तेव्हा जुळवायचंच असेल तर मृगाचीच बाग शोधा, आणि कापणी सुरू व्हायच्या आधीचे दिवस धरा. एकदा टोळी शिरली की बागेत खिंडारं पडतात.

दुसरं, वादळात बाग कशी पडते ते नीट दाखवा. टीव्हीवर दाखवतात तसं झाड उडून बिडून जात नाही. निसवलेलं झाड आधी जातं. घड जेवढा भारी तेवढं ते लवकर आडवं. जे अजून निसवलं नाही ते पानं फाडून घेतं, चिंध्या होतात, पण उभं राहतं. म्हणजे वादळ नेमकं तेच नेतं ज्याचा पैसा होणार होता. मागच्या वेळी माझ्या बागेत मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर रिकामी झाडं उभी, आणि भरलेली सगळी एकाच दिशेला तोंड करून निजलेली. घड चिखलात. वरच्या फण्या चांगल्या होत्या, पण व्यापारी कशाला हात लावतो.

आता खरी गंमत. तुमचा हिरो शेतकऱ्याचा घात करणार आहे, हे तुमच्या लक्षात आलंय का? हवामानावर आधारित फळपीक विमा केळीला असतो. त्यात वेगाच्या वाऱ्याचा धोका धरलेला आहे, आणि वारा किती वाहिला ते महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर मोजतात. समजा तुमचा पोरगा नेमका त्या केंद्राजवळच्या वावरात उभा आहे आणि त्याने श्वास रोखला. त्याच्या हाकेच्या टप्प्यातली बाग वाचली, वा वा. पण केंद्रावरची वारा मोजणारी वाटी फिरलीच नाही! तिकडे अख्ख्या मंडळातली केळी भुईसपाट, आणि कागदावर वाराच नाही. गाव त्याला हार घालेल की चपला घेऊन मागे लागेल? माझा भाऊ हे ऐकून म्हणाला, "तुन्हा हिरो वारा थांबाडी, पन इमाना पैसा कोन दी?"

विदेशी कंपनीचा व्हिलन कशाला पाहिजे मग.

फोटोवाला_सावदा

आबा, तुम्ही माझा मध्यंतरानंतरचा अख्खा भाग सोडवून दिलात. मला वाटत होतं की बाप वाचतो आणि सिनेमा संपतो. पण बापाची बाग वाचली आणि त्याच पोरामुळे काकाचा विमा बुडाला, तर दुसऱ्या वादळात पोरगा श्वास रोखेल का? हा प्रश्न शेठला सांगितला असता तर ते म्हणाले असते, काकाचं काम माझ्या मेहुण्याला देऊ.

वकीलताई_धुळे

दादा, मी कोर्टात मुख्यतः दिवाणी कामं बघते. तुमच्या स्टॅम्पची प्रत पाहिल्याशिवाय शेवटचा शब्द कोणीच देऊ नये, पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून काही गोष्टी सरळ सांगता येतात.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं कलम १९ काढून शांतपणे वाचा, तुमची सगळी भानगड त्यात आहे. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. म्हणजे शेठना स्टॅम्प कायमचा वाटत असला तरी तो फार तर मार्च २०२८ पर्यंतचा. 'देत आहे' म्हटलं म्हणजे जन्माचं दिलं, असं होत नाही.

त्याच कलमात चौथं उपकलम आहे. हक्क घेणाऱ्याने ते एका वर्षाच्या आत वापरलेच नाहीत, आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नाही, तर ते हक्क संपले असं मानलं जातं. पण इथे शेठ म्हणतील, आम्ही शूटिंग केलं, टीझर केला, म्हणजे वापरले. आणि तो मुद्दा त्यांच्या बाजूने जड आहे. मे २०२३ चं शेड्यूल तुम्हीच केलेलं आहे. टीझर हौसेने झाला असेल, पण आज तो त्यांच्या उपयोगाचा पुरावा आहे. असे खेळ मोठे लोकही खेळतात. 'फॅन्टास्टिक फोर' ह्या अमेरिकी सुपरहिरो कॉमिकवर सिनेमा काढायचे हक्क एका जर्मन निर्मात्याकडे होते आणि ते १९९२ च्या अखेरीस संपणार होते. त्याने अमेरिकी निर्माता रॉजर कॉरमनला हाताशी धरून सुमारे दहा लाख डॉलरमध्ये घाईघाईने सिनेमा सुरू करून टाकला. तो पूर्ण झाला, पण आजपर्यंत अधिकृतपणे कुठेही लागलेला नाही. नटांना तो लागणारच आहे असं वाटत होतं, ते आपल्या पैशाने जाहिरात करत हिंडत होते.

फुटेजचं मात्र विसरा. सिनेमाचा हक्क निर्मात्याचा, त्यात ज्याने पैसा घातला त्याचा. तुमच्या हार्ड डिस्कवर प्रत असली म्हणून ती तुमची होत नाही. उलट कथेचा हक्क सिनेमाच्या हक्कापेक्षा वेगळा उभा राहतो. त्यांनी त्यांच्या फुटेजचं काय ते करावं, पण तुमच्या कथेवर वेगळा सिनेमा, वेब मालिका, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, हे त्या चार ओळींत आलंय का हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. करारात कोणते हक्क दिले, किती काळ दिले, मोबदला काय, हे स्पष्ट असावं लागतं. तुमच्या करारात 'चित्रपटाची कथा व पटकथा' एवढंच आहे, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे.

तीस हजार थकले म्हणून करार आपोआप मोडत नाही. पण नोटिशीत तो मुद्दा पहिल्या परिच्छेदात घ्या. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. मागणी अशी ठेवा की उरलेली रक्कम अमुक तारखेपर्यंत द्या आणि सिनेमा पुढे नेण्याचं वेळापत्रक लेखी द्या, नाहीतर करार रद्द करून कथा परत करा. भांडणाऱ्या माणसापेक्षा कंटाळलेला माणूस लवकर सही करतो, आणि तुमचे शेठ कंटाळलेले वाटतात. बऱ्याचदा एकवीस हजार परत करून हक्क सोडल्याचा कागद मिळतो. तो मिळाला तर पाच वर्षं, एक वर्ष, काहीच मोजायला नको.

आणि कथा आजच नोंदवून घ्या. कॉपीराइट नोंदणीला साहित्यकृतीसाठी पाचशे रुपये शुल्क आहे, अर्ज ऑनलाइन होतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडेही सभासद होऊन नोंदवता येते. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही, पण उद्या कोणी तारीख विचारली तर दाखवायला कागद पाहिजे. कांदेबाग आबांनी सुचवलेला विम्याचा धागाही नव्या मसुद्यात लिहून मगच नोंदवा. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, लिहिलेल्या मांडणीला आहे.

टाइमलाइन_मालेगाव

मी एडिटर. मालेगाव नाशिक जिल्ह्यात, पण शेवभाजी खायला आम्ही खान्देशातच, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

हिरव्या केपचं वाचून दोन मिनिटं हसलो. माफ करा. संगणकाला केप आणि पडदा ह्यातला फरक कळत नाही, त्याला फक्त रंग कळतो. हिरोच्या अंगावर किंवा मागच्या सामानात जो रंग नाही तो पडद्याला घ्यायचा. केळीच्या सिनेमाला निळा. आणि खरं सांगू का, तुमच्या सिनेमाला पडदाच लागत नाही.

वारा कॅमेऱ्यात दिसतच नाही. दिसतात ती पानं, धूळ, दोरीवरचे कपडे, बाईच्या डोक्यावरचा पदर. मग थांबलेला वारा दाखवायचा म्हणजे हलणाऱ्या गोष्टींच्या मधोमध एक न हलणारी जागा दाखवायची. ती अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, आणि ट्रायपॉडचे पाय मातीत रुतवून वर वाळूच्या पिशव्या. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. डाळिंबवाल्यांकडे फवारणीचा ट्रॅक्टरवरचा ब्लोअर असतो, तो भाड्याने आणा, टाकी रिकामी ठेवून. पहिला टेक: ब्लोअर चालू, हिरो फ्रेममध्ये नाही, पानं वेड्यासारखी हलतायत. दुसरा टेक: ब्लोअर बंद, कॅमेऱ्याला बोटही न लावता, हिरो मध्ये उभा, सगळं स्तब्ध. टाइमलाइनवर दोन्ही एकावर एक ठेवायचे आणि मधला भाग दुसऱ्या टेकचा, कडेचा पहिल्याचा. जोड कुठे लपवायची? केळीच्या खोडावर. खोड हलत नाही, सरळ उभं असतं, देवाने जोड लपवायलाच घडवलंय. जोडरेघेवर एखादं पान आडवं आलं तर ते आधीच दोऱ्याने मागे ओढून बांधा, नाहीतर अर्धं पान हलेल आणि अर्धं नाही. दोन टेकमध्ये ऊन बदलता कामा नये, म्हणून ढगाळ दिवस टाळा आणि दोन्ही टेक लगोलग घ्या. दुसऱ्या टेकला नैसर्गिक वारा नको, म्हणून उजाडल्याबरोबर. दुपारी आपल्याकडे गरम वारा सुटतो, मग काही जमणार नाही.

आणि आवाज. लग्नवाले आवाजाकडे बघत नाहीत, टोमणा समजा. श्वास रोखला त्या क्षणी सगळा आवाज कापा, अगदी पार्श्वसंगीतासकट. मग फक्त त्याच्या छातीतली धडधड आणि लांबून, हाकेच्या टप्प्याच्या बाहेरून, वादळाचा दबलेला आवाज. प्रेक्षकसुद्धा श्वास धरेल. माझं पैज लावून सांगणं आहे, इथेच सिनेमा उभा राहतो. शर्ट डागांचाच ठेवा. केप कोणालाही शिवता येते.

वादळ ड्रोनने घेऊ असा विचार असेल तर सोडा, तेवढ्या वाऱ्यात ड्रोन जळगावला घेऊन जाल आणि तो बऱ्हाणपूरला उतरेल. पडलेली बाग वरून घ्या, दुसऱ्या दिवशी. अडीचशे ग्रॅमच्या आतला घेतला तर पायलटच्या लायसन्सची कटकट नाही. तरी जिथे उडवायचं ती जागा नकाशावर हिरव्या पट्ट्यात आहे ना ते ड्रोनसाठीच्या सरकारी डिजिटल स्काय साइटवर बघून घ्या.

आणखी एक. कथेत पोळ्याचा सीन आहे का? बैल दाखवणार असाल आणि पुढे थेटरात लावायचा विचार असेल, तर शूटिंगच्या आधीच ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी काढा. सेन्सॉरवाले तो कागद मागतात, आणि नंतर धावपळ करून तो मिळत नाही. आमच्या इथल्या एका माणसाचा सीन एका शेळीसाठी कापला गेला.

भुसावळवाल्या भाऊंना एवढंच सांगतो: आमच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी यंत्रमागावरची माणसं घेऊन सिनेमे केले. त्यांनी सुपरमॅनही मालेगावात आणला, आणि तो बनत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. त्या हिरोला दमा होता आणि तो तंबाखूविरुद्ध लढायचा. मालेगावच्या माणसाला हे विनोदी वाटायच्या आधी खरं वाटतं.

स्पष्ट_बोलतो_भुसावळ

बरं बाबा. ते खोडावर जोड लपवायचं वाचून मलाच एकदा बघावंसं वाटतंय. पण थेटराचा प्रश्न तसाच राहतो, सांगून ठेवतो.

फोटोवाला_सावदा

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा प्रतिसाद छापून ठेवलाय. नोटिशीच्या आधी एकदा शेठकडे स्वतः जाणार आहे, माणूस वाईट नाही, त्याला आपला फोटो मोठा लागतो एवढंच. एकवीस हजार घेऊन जातो. सोडल्याच्या कागदावर सही मिळाली तर फ्लेक्सवर त्यांचा फोटो मीच लावीन, पाहिजे तेवढा मोठा. नाही मिळाली तर नोटीस.

फुटेज सोडायचं म्हटल्यावर जिवावर आलं. त्या पोराचा घड उचलण्याचा एक शॉट आहे, दांड्यावर विळा बसतो आणि पूर्ण वजन खांद्यावर येतं तेव्हा त्याचे डोळे मिटतात. तो पुन्हा मिळणार नाही. पण पोराशी काल बोललो, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुट्टी काढून येतो म्हणाला. दाढी काढायला तयार आहे. पोट काढायला तयार नाही. मग हिरो थोडा थोराड झाला असं लिहितो, लग्न ठरलेला, जबाबदारी पडलेला. विम्याच्या भानगडीला तसाच बरा. विशीतल्या पोराला गावाने शिव्या दिल्या तर तो गाव सोडतो, ह्याला सोडून जाता येणार नाही.

आबा, तुमच्याकडे गेल्या मृगाची बाग आहे का? दोन-तीन सकाळी द्याल का? टाइमलाइन भाऊ म्हणतात तसा ब्लोअर घेऊन येतो. भाडं काय ते सांगा.

कांदेबाग_चोपडा

आहे. अडावद रस्त्याला, पाच हजार खोडं. अखाजीपर्यंत उभी आहे, त्यापुढे टोळी येईल ती माझं ऐकणार नाही. भाडं नको, पण ठिबकच्या नळ्यांवर पाय द्यायचा नाही आणि वाळूच्या पिशव्याही त्यांच्यावर ठेवायच्या नाहीत. ब्लोअर निसवलेल्या झाडापासून लांब लावा, नाहीतर तुमच्या वादळात माझीच बाग जायची आणि विमावाले विचारतील कोणता वारा म्हणून. येताना त्या पोराला जुना शर्ट घालून आणा. नवा घालून आला तर इथे एक दिवस कटिंगला लावतो, डाग आपोआप पडतील.